इतर हक्कातला बोजा



कापसाची तिसरी वेचणी उरकली. तूर काढणीला आलीय, टाळकी पोटऱ्यात आहे. सप्टेंबरच्या पाण्यात खालची सव्वा एकर खरडून गेली ती तशीच पडून आहे, गाळ टाकायचा म्हणलं तरी ट्रॅक्टरवाल्याला आगाऊ द्यावे लागतात. पिकाचं आज एवढंच.

बऱ्याच जणांनी विचारलं की पोराच्या रेशीम शेडचं काय झालं, पाया भरून सहा महिने झाले, वर काही दिसत नाही. खरं आहे. तुती गुडघ्याच्या वर आलीय आणि आळ्या ठेवायला छप्पर नाही. शेड का थांबलं ते सांगायचं तर आमच्या सातबाऱ्यावरच्या एका ओळीपासून सुरुवात करावी लागेल. ती ओळ माझ्या लग्नाच्या आधीची आहे.

सातबारा काढला की आपण काय बघतो? नाव आणि क्षेत्र. ते बरोबर असलं की उतारा घडी घालून खिशात. पण उजव्या हाताला इतर अधिकाराचा एक रकाना असतो, आपण त्याला इतर हक्क म्हणतो. कुळ, विहीर, कोर्टातला दावा, बँकेचा बोजा, सगळं तिथं बसतं. जमीन आपली, पण तिच्यावर दुसऱ्या कुणाचा हात आहे ते त्या रकान्यात कळतं. आमच्या गटाला तिथं एका बँकेचं नाव आहे, शाखा आहे, पुढं बोजा रु. १८,००० आणि फेरफार नंबर.

१९९१ साली वडलांनी (आम्ही त्यांना दादा म्हणायचो) विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर बसवली आणि वरच्या तुकड्यापर्यंत पाइपलाइन नेली, त्याचं हे कर्ज. १९९८ ला फिटलं. दादा २००९ ला गेले. कर्ज फिटून सत्तावीस वर्षं झाली, कर्ज घेणारा माणूस जाऊन सोळा. बोजा मात्र होता तिथंच. हातानं लिहिलेला सातबारा गेला, कॉम्प्युटरचा आला, डिजिटल सहीचा आला, आणि प्रत्येक वेळी ती ओळ इमानेइतबारे पुढच्या कागदावर गेली. बँकेचं नाव मी मुद्दाम घेत नाही. त्या खुर्च्यांवर आज बसलेल्यांनी ते कर्ज दिलेलं नाही.

इतकी वर्षं अडलं कसं नाही, असं कुणी विचारेल. कारण पीक कर्ज गावच्या सोसायटीतून होत होतं. सोसायटीच्या सचिवाला ठाऊक, मोटरीचं कर्ज केव्हाच फिटलंय. तिथं गहाणखतही नसतं, इकरार असतो. सहकारी संस्था कायदा १९६०, कलम ४८. सभासदानं लिहून द्यायचं की अमुक गटातली एवढी जमीन कर्जाला तारण, आणि त्या इकरारावर तलाठी बोजा चढवतो. रजिस्ट्री कचेरीची पायरी चढायला लागत नाही. सोपं आहे, म्हणून आपण डोळे झाकून सही करतो.

इथं एक गोष्ट बोलून ठेवतो, कारण गावात उलटा समज आहे. लोक बँकेला भितात आणि सोसायटीला घरची समजतात. घरावर आणि दुकानावर बँका ज्या सरफेसी कायद्यानं कोर्टाशिवाय ताबा घेतात, त्या २००२ च्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, कलम ३१ बघा. याचा अर्थ जमीन सुटली असा नाही, बँकेला दुसरे मार्ग आहेत, पण ते लांबचे आहेत. सोसायटीचं तसं नाही. कलम १०१ चा वसुली दाखला निघाला की नियम १०७ खाली जप्ती आणि लिलावापर्यंत त्यांचाच वसुली अधिकारी जाऊ शकतो. घरच्या माणसाच्या हातातली काठी जास्त लांब आहे. सोसायटी वाईट असं मी म्हणत नाही, आमचं घर तिच्यावर चाललंय. पण सही करताना माहीत असावं.

आता शेड. आमच्या जिल्ह्यात रेशमाचं बरं चाललंय, बीडलाच कोषाचा बाजार भरतो, पोरानं दोन वर्षं दुसऱ्यांच्या शेडवर राबून काम शिकून घेतलं. रोजगार हमीतून अनुदान आहे, पण ते टप्प्यानं येतं, आधी स्वतःचं घालावं लागतं. पत्रे, अँगल, रॅक, जाळ्या, फॉगर धरून साडेचार लाखाचा हिशोब निघाला. सोसायटी एवढं देत नाही. म्हणून तालुक्याच्या बँकेत गेलो.

पेपरात तुम्ही वाचलं असेल की शेतकऱ्याला विनातारण कर्ज २ लाखापर्यंत झालं. बातमी खरी आहे. रिझर्व्ह बँकेनं ही मर्यादा २०१० ला १ लाख केली होती, २०१९ ला १ लाख ६० हजार, आणि १ जानेवारी २०२५ पासून २ लाख. तेवढ्यापर्यंत जमीन गहाण मागायची नाही. उभ्या पिकावर बँकेचं नजरगहाण राहतंच, त्याला कुणी मोजत नाही. पण रक्कम २ लाखाच्या वर गेली की तारण मागायचा बँकेला अधिकार, आणि ती मागतेच. पोराचं कर्ज साडेचार लाखाचं, म्हणजे जमीन गहाण आली. गहाण आलं की वकील आला, वकील आला की तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आला.

वकिलांनी उतारा हातात घेतला आणि नाव-क्षेत्र न बघता सरळ इतर हक्कावर बोट ठेवलं. "पहिला बोजा कमी करून आणा, मग बोलू." त्यांचंही बरोबर आहे. एका जमिनीवर आधीच दुसऱ्या बँकेचा हात असेल तर नवी बँक तिच्यावर पैसे कशी देईल? अठरा हजार असो नाहीतर अठरा लाख, पहिला हात पहिलाच.

मग जुन्या बँकेच्या शोधात निघालो. ती बँक मधल्या काळात दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झालेली. मराठवाड्यात हे नवीन नाही. आपली हैदराबाद बँक, जिच्या पासबुकावर आपल्या बापजाद्यांचे अंगठे आहेत, ती १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत गेली. देना बँक २०१९ ला बडोद्यात गेली, आंध्रा बँक २०२० ला युनियनमध्ये, सिंडिकेट कॅनरात. पाट्या बदलल्या, सातबाऱ्यावरची नावं कुणी बदलली नाहीत. आमची कोणती, ते सोडा. शाखाही गावातून उठून तालुक्याला गेलेली.

काउंटरवर एक तरुण पोरगी होती, बोलायला चांगली. तिनं दादांचं नाव टाकलं, गाव टाकलं, आणखी काय काय टाकलं.

"काका, खातंच दिसत नाही."

म्हणलं, "ताई, खातं दिसत नाही म्हणजे आमच्याकडं काही येणं नाही ना? तेवढंच लिहून द्या."

"तसं कसं देता येईल? नसलेल्या खात्याचा नील दाखला कसा काढू?"

बघा गंमत. बाकी असती तर खातं दिसलं असतं, खातं दिसलं असतं तर भरून दाखला मिळाला असता. बाकी नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून बोजा आहे. १९९८ ला बंद झालेलं खातं त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये कधी चढलंच नव्हतं, आणि जुने लेजर कुठल्या तरी गोदामात. मी सहा वेळा गेलो. दर वेळी पोरीनं पाणी विचारलं, दर वेळी तेच उत्तर.

घरी आईला सांगितलं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, ऐकायला कमी येतं, पण कागदाचं नाव काढलं की ऐकू येतं. तिनं माळवदाखालच्या खोलीतली पत्र्याची पेटी काढायला लावली. त्यात दादांचं सगळं होतं: साखर कारखान्याच्या शेअरची पावती, मोटरीचं बिल, वीज बोर्डाचं कोटेशन, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बँकेचं पासबुक. आत शेवटच्या हप्त्याची पावती, तारीख १९९८, खाली निळा शिक्का, "खाते बंद". शाई उडालीय पण वाचता येतं. दादा चौथी शिकलेले. त्यांच्या दृष्टीनं पावती मिळाली, विषय संपला. त्या पावतीनंतर अजून एक पत्र घ्यायचं असतं आणि ते तलाठ्याला द्यायचं असतं, हे त्यांना काउंटरवरच्या माणसानं सांगितलं नाही. बोजा चढवायचं पत्र मात्र १९९१ ला बँकेनं स्वतः तलाठ्याला पाठवलं होतं, त्याची कार्बन कॉपी पेटीत आहे. चढवताना बँक जाते, उतरवताना आपण जायचं. नियमाचा सगळा कल मला या दोन कागदांत दिसला.

आपल्या भागातली भूविकास बँक आठवते? विहिरी आणि पाइपलाइनी तिच्याच कर्जावर झाल्या. ती बँक अवसायनात निघाली, शाखांना कुलपं लागली, तरी तिचे बोजे राज्यभरातल्या सातबाऱ्यांवर वर्षानुवर्षं बसून होते. शेवटी २०२२ मध्ये सरकारनं ३४ हजार ७८८ शेतकऱ्यांचं ९६४ कोटींचं कर्ज माफ केलं तेव्हा ते बोजे उतरवायचा रस्ता झाला. बँक मेली तरी बोजा मरत नाही. आणि थकलेल्यांसाठी निदान मंत्रिमंडळ बसलं. आमच्यासारख्या वेळेवर फेडून मोकळं झालेल्यांसाठी कोण बसणार?

पोरानं मोबाइलवर शोधून रिझर्व्ह बँकेचा एक नियम काढला. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत द्यायचे आणि बोजा काढून टाकायचा, उशीर बँकेमुळं झाला तर दिवसाला ५ हजार रुपये ग्राहकाला द्यायचे. १ डिसेंबर २०२३ पासून लागू. मी हरखलो. हा नियम आमच्या १९९८ ला लागणार नाही हे कळत होतं, पण इथून पुढच्यांना तरी बरं झालं म्हणलं. मग बँकेतल्याच एका जाणत्या माणसानं मथळा नीट वाचायला लावला. मथळ्यात शब्द आहे वैयक्तिक कर्ज. घराचं, शिक्षणाचं, वस्तू घ्यायचं. पीक कर्ज त्यात धरत नाहीत, असं ते म्हणाले. म्हणजे बीडच्या मास्तरानं फ्लॅटचं कर्ज फेडलं तर घड्याळ चालू होतं. आपण मोटरीचं फेडलं तर पेटी आणि आई.

दुसराही एक नियम त्यानं काढला. २८ जानेवारी २०१५ चं पत्र. त्यात बँकांना सांगितलंय की ग्रामीण भागातल्या कर्जदाराकडून इतर बँकांचे बेबाकी दाखले मागत बसू नका. आमच्याकडून नव्या बँकेनं चार ठिकाणचे मागितले. पोरानं ते पत्र छापून नेलं. फिल्ड ऑफिसरनं वाचलं, मान डोलावली, म्हणाला बरोबर आहे, पण माझ्या पोर्टलवर चार रकाने आहेत, रिकामे ठेवले तर फाइल पुढं सरकत नाही. मी त्याच्याशी भांडलो नाही. चार दाखले गोळा केले, प्रत्येकाला शंभर-दीडशे रुपये आणि एक दिवस. सिबिलचंही तसंच. पीक कर्जाला सिबिल मागू नका म्हणून मुख्यमंत्र्यांनी मे महिन्यात बँकांच्या बैठकीत तंबी दिली, पेपरात मोठं आलं होतं. शेडचं कर्ज पीक कर्ज नाही, मुदत कर्ज आहे, त्यामुळं तोंड उघडायची सोय नव्हती.

जुन्या बँकेचं शेवटी मॅनेजरनं केलं. परराज्यातला माणूस, मराठी समजतं, बोलता येत नाही. पासबुक आणि पावती बघितली, दोन्हीचे फोटो काढून वरच्या ऑफिसला पाठवले, आणि महिन्यानं पत्र दिलं की या पावतीनुसार खातं बंद आहे, आमचं काही येणं नाही, बोजा कमी करण्यास हरकत नाही. पत्रात गट नंबर आणि जुना फेरफार नंबर मी सांगून घालून घेतला. तुम्हीही घाला. नुसतं "कर्ज निरंक आहे" एवढं पत्र आणलं तर कोणता बोजा, कोणता गट, यावरून परत पाठवतात.

पुढचं काम त्या मानानं सरळ झालं. ई-हक्क नावाची सरकारची व्यवस्था आहे, बोजा कमी करण्याचा अर्ज तिथं घरबसल्या करता येतो, पत्र स्कॅन करून जोडायचं. अर्ज तलाठ्याकडं पडतो (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, २०२४ ला नाव बदललं, आपल्या तोंडी तलाठीच). ते फेरफार धरतात, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. आमचा फेरफार मागच्या आठवड्यात मंजूर झाला. त्या ओळीला कंस आला.

एवढ्यानं शेड उभं राहत असतं तर आजची नोंद इथंच संपली असती. पण वकिलांनी दुसरंही बोट ठेवलं होतं, नावांवर. दादांनंतर वारस लागले: आई, मी, धाकटा भाऊ, दोन बहिणी. उताऱ्यावर पाच नावं, क्षेत्र सामाईक. बांध घालून तोंडी वाटणी आम्ही केव्हाच केलीय, त्याचं तो करतो, माझं मी. कागदाला तोंडी वाटणी कळत नाही. सामाईक जमीन गहाण द्यायची तर पाचही जणांच्या सह्या लागतात.

गावात यावर एक सोपा उपाय सांगतात. बहिणींकडून हक्कसोड करून घ्या, दोन नावं कमी. मला तिघाचौघांनी सांगितलं, त्यात एक बँकेत उठबस असणारे होते. सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, कामाचा उरक व्हावा एवढंच. पण आपला साडेचार लाखाचा कागद पुढं सरकावा म्हणून बहिणीनं बापाच्या जमिनीतून कायमचं नाव काढून घ्यायचं, हे मला पटलं नाही. सही वेगळी, हक्कसोड वेगळी. संमती देऊन गहाणखतावर सही केली तर नाव राहतं. पण संमती म्हणजे काय हेही मी दोघींना फोडून सांगितलं: कर्ज थकलं तर तुमच्याही हिश्श्याला धग लागेल. परळीची थोरली म्हणाली, "पोराचं शेड आहे ना, मग येते." लातूरच्या धाकटीनं दाजींना विचारून सांगते म्हणाली, चार दिवस फोन नाही आला. माझ्या जिवाला घोर लागला, पण तिला परत फोन केला नाही. तिचा हक्क आहे, तिनं विचार करावा. पाचव्या दिवशी हो म्हणाली, अट घातली की त्याच महिन्यात वाटणीचाही अर्ज टाकायचा आणि तिचा हिस्सा वेगळा दाखवायचा. मान्य केलं. कलम ८५ चा अर्ज तयार ठेवलाय. बोजा असता तर तहसीलात त्यालाही बँकेचं ना-हरकत मागितलं असतं.

राहिला धाकटा भाऊ. तो जोडीनं कोयत्यावर गेलाय, सध्या कोल्हापूरकडं फडात आहे. दिवाळीआधी त्यानं दीड लाख उचल घेतली. मुकादमाचा एक फोन, एका कागदावर अंगठा, संध्याकाळी पैसे हातात. कुठला सातबारा, कुठला सर्च, कुठलं सिबिल? त्याच माणसानं शेतकरी म्हणून तेवढेच पैसे मागितले असते तर सतरा कागद लागले असते. मुकादमाला तारण लागत नाही कारण त्याचं तारण माणूस आहे. उचल फिटली नाही तर पुढच्या साली परत कोयता. त्या कर्जाचा बोजा कुठल्या रकान्यात दिसत नाही, आणि तो कमी करायचा अर्जही कुठं करता येत नाही.

बँकेची वाट अशी लांबली की माणूस कुठं वळतो ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या शिवारातल्या एकानं तीन वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नाला तीन लाख घेतले, शेकडा पाचनं. शेकडा पाच महिना म्हणजे वर्षाला ६० टक्के. कायद्यानं सावकाराला शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, आणि तेही परवाना असेल तर. पण व्याज हा या कथेतला लहान भाग आहे. तारण म्हणून त्यानं दीड एकराचं गहाणखत नाही दिलं, खरेदीखत दिलं. रजिस्ट्री झाली. "पैसे आण, जमीन उलटून देतो," हे तोंडी, आणि शंभराच्या स्टॅम्पवर वेगळं. आज पैसे घेऊन गेला तर समोरचा म्हणतो, कसले पैसे, मी जमीन विकत घेतलीय.

हे सगळ्यांनी ध्यानात ठेवा. परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल तर कायदा त्या व्यवहाराला गहाण धरत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये हे १९२९ पासून आहे. वेगळ्या स्टॅम्पवरचा कागद तिथं कामाला येत नाही. त्याला आता वाट उरलीय ती २०१४ च्या सावकारी कायद्याची. सहकार खात्याचा जिल्हा उपनिबंधक हाच सावकारीचा जिल्हा निबंधक असतो. खरेदीखत वरवरचं आहे, खरं तर ते सावकारीतलं तारण होतं, असं चौकशीत निघालं तर तो ते खरेदीखत रद्द ठरवून जमीन परत देवू शकतो, कलम १८. अर्ज टाकलाय, सुनावण्या चालू आहेत. पैसे कसे दिले-घेतले त्याच्या खुणा लागतात, आणि खेड्यात पैसे टोपीखालून जातात.

कागदाच्या पोटातलं खरं बघायचं, ही गोष्ट आपल्याकडं फुकट मिळालेली नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी कुणबी उठले, मग पुणे आणि नगर जिल्ह्यातल्या गावागावांत ते पसरलं. त्यांनी काय केलं? कर्जरोखे मागितले आणि जाळले. ज्यानं मुकाट कागद दिले त्याला बहुतेक ठिकाणी हात लावला नाही. त्यांना पक्कं कळलं होतं की आपली जमीन माणूस नेत नाही, कागद नेतो. त्यानंतर १८७९ चा कायदा आला, त्यात कोर्टाला कागदामागचा खरा हिशोब तपासायचा अधिकार मिळाला. तो कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगरला. आपण तेव्हा निजामाकडं, आष्टीच्या पलीकडच्या शिवारात लागू आणि अलीकडं नाही. आज कागद सर्व्हरवर आहे. जाळायचं म्हणलं तरी काडी कुठं लावणार?

कर्जमाफीबद्दल विचारणाऱ्यांना दोन शब्द. ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं सरकारनं ऑक्टोबरमध्ये सांगितलंय. त्यामुळं सोसायटीत यंदा कुणी भरायला तयार नाही. अतिवृष्टीतल्यांना पुनर्गठनाचाही पर्याय आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पिकाचं नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर २ वर्षांपर्यंत, ५० च्या वर असेल तर ५ वर्षांपर्यंत हप्ते पाडून मिळतात. भरायचं का थांबायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी यंदाही नवं-जुनं करणार आहे. मुदतीत भरलं तर ३ लाखापर्यंतचं व्याज केंद्र आणि राज्याच्या सवलतीत शून्यावर येतं, आणि शेडची फाइल बँकेत असताना सोसायटीत थकबाकीदार म्हणून नाव लागणं मला परवडणारं नाही. नवं-जुनं करायला आठ दिवसांसाठी हातउसने लागतात, तेवढे तूर विकून होतील असा अंदाज आहे. ज्यांची माफी होईल त्यांनी मात्र माफीच्या यादीवर नाव बघून गप्प बसू नये. यादीत नाव आलं म्हणून इतर हक्कातली ओळ आपोआप जात नाही. २०१७ आणि २०१९ च्या माफीतले कितीतरी उतारे मी स्वतः बघितलेत, कर्ज गेलं आणि बोजा तसाच.

फेरफार मंजूर झाल्याचा उतारा मी आईला वाचून दाखवला. तिनं विचारलं, आता तिथं काहीच नाही का? म्हणलं, गहाणखत झालं की पोराचा साडेचार लाखाचा चढेल. "मग पेटी काढू नको बाहेर," म्हणाली.

पाचपैकी चार सह्या पक्क्या आहेत. भाऊ मार्चमध्ये पट्टा पडल्यावर येईल, मग रजिस्ट्री, मग पत्रे. तुतीची एक छाटणी वाया जाणार. पाला शेजारच्या शेडवाल्याला द्यायचं ठरलंय, तो किलोवर पैसे देईल.